रचनाबद्ध संदेशांची बांधणी व वाचन : एक्सएमएल आणि वेब सेवा

शाळेचे दप्तर सांभाळणाऱ्या शिक्षकास ठरीव नमुन्याचे महत्त्व नव्याने पटवून देण्याची गरज नाही. जनरल रजिस्टर, हजेरीपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला या प्रत्येक कागदास आखलेले रकाने असतात व प्रत्येक रकान्यास शीर्षक असते. शीर्षक आहे म्हणूनच एका ठिकाणचा ‘४’ हा आकडा इयत्ता दर्शवितो व दुसऱ्या ठिकाणचा गैरहजेरीचे दिवस दर्शवितो. एखाद्या कागदावर शीर्षक पुसट झाले असले तरी अनुभवी शिक्षक तारतम्याने अर्थ लावतो. संगणकाजवळ हे तारतम्य नसते. त्यास पाठविलेल्या मजकुरातील प्रत्येक अंशाचे नाव, त्याचा आरंभ व त्याचा शेवट स्पष्टपणे सांगावा लागतो. ही गरज भागविणाऱ्या लेखनपद्धतींपैकी एक प्रमुख पद्धती म्हणजे एक्सएमएल होय.

एका संगणकावरील कार्यक्रम दुसऱ्या संगणकावरील कार्यक्रमाकडे जालमार्गाने काही मागणी करतो व त्यास उत्तर मिळते, अशा व्यवस्थेस वेब सेवा म्हणतात. येथे दोन्ही टोकांस माणूस नसतो. म्हणून संदेशाची बांधणी काटेकोर असणे व तो हाताळणाऱ्या कोडने कोणतीही गोष्ट गृहीत न धरणे, या दोन गोष्टींवर सर्व काही अवलंबून असते. हे काम कसे चालते याचे विवेचन पुढे केले आहे.

१. थोडा पूर्वेतिहास

मजकुराच्या भागांना त्यांच्या अर्थाप्रमाणे नावे द्यावीत, ते कसे दिसावेत याचा विचार वेगळा ठेवावा, ही कल्पना १९६९ साली आयबीएम या कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर व रेमंड लॉरी यांनी आकारास आणली. त्यांच्या पद्धतीचे नाव जीएमएल. तिचाच विस्तार होऊन १९८६ साली एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक झाले. ते सामर्थ्यवान परंतु फार गुंतागुंतीचे होते. जालावर वापरता येईल असे त्याचे सुटसुटीत रूप तयार करण्याचे काम १९९६ साली वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेच्या आश्रयाखाली सुरू झाले आणि १० फेब्रुवारी १९९८ रोजी एक्सएमएल १.० ही शिफारस प्रसिद्ध झाली. टिम ब्रे, जाँ पाओली व मायकेल स्पर्बर्ग-मॅक्क्वीन हे तिचे संपादक होते. २००८ साली तिची पाचवी आवृत्ती निघाली; परंतु मूळ नियम बव्हंशी तेच राहिले आहेत.

२. संदेशाचे अंतरंग

विषय स्पष्ट होण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. ऊसतोडणीच्या हंगामात कुटुंबाबरोबर परजिल्ह्यात जाणाऱ्या चौथीतील मुलीची माहिती तिच्या गावच्या शाळेकडून नव्या गावच्या शाळेकडे वेब सेवेद्वारे पाठवावयाची आहे, असे समजावे. संदेश पुढीलप्रमाणे होईल :

<स्थलांतर>
  <संदेशक्रमांक>2025-117</संदेशक्रमांक>
  <विद्यार्थी इयत्ता="4">
    <नाव>शेवंता</नाव>
    <जन्मदिनांक>2016-04-03</जन्मदिनांक>
    <जन्मगाव>कऱ्हाड</जन्मगाव>
    <पालकाचा_व्यवसाय>ऊसतोडणी</पालकाचा_व्यवसाय>
  </विद्यार्थी>
  <हजेरी>
    <महिना दिवस="21">2025-10</महिना>
  </हजेरी>
</स्थलांतर>

कोनी कंसात लिहिलेल्या नावास टॅग म्हणतात. आरंभीचा टॅग, मधला मजकूर व तिरकी रेघ असलेला शेवटचा टॅग मिळून एक घटक होतो. आरंभीच्या टॅगमध्येच लिहिलेली ‘इयत्ता’ व ‘दिवस’ यांसारखी पुरवणी माहिती म्हणजे गुणधर्म. सर्वांस पोटात घेणारा ‘स्थलांतर’ हा मूळ घटक असून तो संदेशात एकच असला पाहिजे. मूळ घटकाच्या पोटी इतर घटक, त्यांच्या पोटी आणखी घटक, अशी ही रचना एखाद्या घराण्याच्या वंशवृक्षासारखी असते. प्रत्यक्ष व्यवहारात टॅगांची नावे बहुधा रोमन लिपीत ठेवतात. तथापि एक्सएमएलचे नियम देवनागरी नावांस पूर्ण मुभा देतात, त्यामुळे वरील संदेश नियमानुसारच आहे.

नियम थोडे आहेत, पण त्यांत सूट नाही. उघडलेला प्रत्येक टॅग मिटला पाहिजे. शेवटी उघडलेला टॅग प्रथम मिटला पाहिजे. पदावलीतील कंस सोडविताना आतील कंस आधी सोडवितात, त्याच न्यायाने हे चालते. गुणधर्माचे मूल्य अवतरणचिन्हांत असले पाहिजे. एकाच घटकात एकच गुणधर्म दोनदा येता कामा नये. रोमन नावांत लहान व मोठी अक्षरे भिन्न समजली जातात. हे नियम पाळणाऱ्या संदेशास सुघटित म्हणतात. यांपैकी एक नियम मोडला तरी वाचणाऱ्या कार्यक्रमाने अंदाज बांधून पुढे जावयाचे नसते. त्याने संदेश नाकारावा असाच दंडक आहे.

३. सुघटित असणे व आराखड्यास धरून असणे

व्याकरणदृष्ट्या शुद्ध वाक्य अर्थदृष्ट्या निरर्थक असू शकते. तसेच येथेही घडते. इयत्ता ‘40’ लिहिली किंवा जन्मदिनांकच गाळला तरी संदेश सुघटित राहील. मात्र तो उपयोगाचा राहणार नाही. म्हणून पाठविणारा व घेणारा या दोघांनी मान्य केलेला एक आराखडा असतो. त्यास स्कीमा म्हणतात. कोणते घटक असावेत, कोणत्या क्रमाने असावेत, कोणते आवश्यक व कोणते ऐच्छिक, कोणत्या ठिकाणी संख्या व कोणत्या ठिकाणी दिनांक असावा, हे सर्व त्यात नमूद केलेले असते. यासाठीची एक्सएमएल स्कीमा ही शिफारस मे २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. संदेश पाठविण्यापूर्वी व मिळाल्यावर लगेच, असा दोन्ही वेळी तो आराखड्याशी ताडून पाहणे हितावह असते.

या ठिकाणी एक भेद विशेष ध्यानात घ्यावा. हजेरीचे दिवस शून्य असणे, हजेरीचा घटक रिकामा असणे आणि तो घटक संदेशात मुळीच नसणे, या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा अर्थ मूल महिनाभर आले नाही. दुसरीचा अर्थ रकाना आहे पण भरलेला नाही. तिसरीचा अर्थ माहिती पाठविलीच नाही. कोड लिहिणाऱ्याने आळसाने तिन्ही ठिकाणी शून्य धरले तर नियमित शाळेत येणारी मुलगी कागदोपत्री दीर्घकाळ गैरहजर ठरेल, आणि त्या नोंदीवर आधारलेले पुढचे सर्व निर्णय चुकतील.

४. कोडमध्ये संदेश बांधण्याची रीत

नवशिका कार्यक्रमकार संदेश बांधताना शब्दांचे तुकडे जोडीत जातो. आधी ‘<नाव>’ हे अक्षरसमूह, मग मुलाचे नाव, मग ‘</नाव>’. साध्या नावांपुरते हे चालून जाते. परंतु पालकाचा व्यवसाय ‘शेती & दुग्धव्यवसाय’ असा कोणी भरला की संपूर्ण संदेश मोडतो. कारण अँपरसँड व डावा कोनी कंस या दोन चिन्हांना एक्सएमएलमध्ये खास अर्थ आहे. ती मजकुरात जशीच्या तशी लिहिता येत नाहीत. अँपरसँडऐवजी अँपरसँड, ‘एएमपी’ ही तीन रोमन अक्षरे व अर्धविराम असे लिहावे लागते. अशी संकेतरूपे एकंदर पाच चिन्हांसाठी आधीच ठरलेली आहेत : अँपरसँड, डावा व उजवा कोनी कंस आणि दुहेरी व एकेरी अवतरणचिन्ह.

तुकडे जोडण्यात याहून मोठा धोका आहे. नावाच्या रकान्यात कोणी खोडसाळपणे ‘</नाव>’ असे लिहून पुढे आपल्या सोयीचे घटक घातले, तर घेणाऱ्या संगणकास ते मूळ संदेशाचाच भाग वाटतील. म्हणजे एका रकान्यात लिहिणाऱ्याने सर्व नमुनाच बदलून टाकला असे होईल.

यावर उपाय सोपा आहे. जावा, पायथॉन, पीएचपी, सी शार्प या सर्व प्रचलित भाषांत एक्सएमएल बांधण्याची तयार साधने आहेत. पायथॉनमधील एलिमेंटट्री व पीएचपीमधील एक्सएमएलरायटर ही त्यांची उदाहरणे. त्यांचा वापर पुढील क्रमाने करतात :

(१) मूळ घटक निर्माण करावा.
(२) त्याच्या पोटी एकेक उपघटक आराखड्यातील क्रमानेच जोडावा. घटकांचा क्रम अर्थपूर्ण असतो, गुणधर्मांचा नसतो.
(३) प्रत्येक घटकास त्याचा मजकूर व गुणधर्म द्यावेत. खास चिन्हांचे संकेतरूप साधन स्वतः करते.
(४) वृक्ष पूर्ण झाल्यावर तो आराखड्याशी ताडून पाहावा.
(५) शेवटी वृक्षाचे सलग मजकुरात रूपांतर करून तो पाठवावा.

तिसऱ्या पायरीवर एक दक्षता आवश्यक आहे. साधन संकेतरूप करीत असताना कार्यक्रमकाराने स्वतःही ते आधी करून ठेवले, तर संस्कार दोनदा घडतो आणि घेणाऱ्याच्या पडद्यावर साध्या चिन्हाऐवजी संकेताची अक्षरेच उमटतात. एखाद्या नावाच्या मधोमध अनाकलनीय अक्षरे दिसली, तर बहुधा हे कारण असते.

५. देवनागरीचा प्रश्न

मराठी माहिती पाठविणाऱ्यास काही विशेष अडचणी येतात. त्या शिक्षकांच्या नित्य अनुभवाशी निगडित असल्याने येथे थोड्या विस्ताराने दिल्या आहेत.

पहिली अडचण जुन्या टंकांची. युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या अनेक मराठी टंकांत प्रत्यक्षात रोमन अक्षरांचेच संकेत साठविले जात व टंकाच्या आकारामुळे ते देवनागरी दिसत. असा मजकूर संदेशात घातला की दुसऱ्या टोकास टंक नसल्यामुळे केवळ निरर्थक रोमन अक्षरे उरतात. संदेशात युनिकोड देवनागरीच असली पाहिजे.

दुसरी अडचण मोजमापाची. यूटीएफ-८ या प्रचलित संकेतनात देवनागरीचा प्रत्येक संकेत ३ बाइट जागा घेतो. ‘शाळा’ या शब्दात श, काना, ळ, काना असे ४ संकेत आहेत. म्हणून तो १२ बाइटांचा होतो. वेब सेवेस संदेशाची लांबी कळवावयाची असते ती बाइटांत. कोडने संकेतांची संख्या कळविली तर घेणारा संगणक चारच बाइट वाचून थांबेल आणि शब्द दुसऱ्याच संकेतात तुटेल. रोमन मजकुरात एक अक्षर म्हणजे एकच बाइट असल्याने ही चूक लपून राहते व पहिला मराठी संदेश जाताच उघडकीस येते.

तिसरी अडचण दिसण्याची व असण्याची. ‘कऱ्हाड’ या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे साठविला जातो : ऱ व हलन्त असा, किंवा साधा र, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह असा. डोळ्यांस दोन्ही सारखे दिसतात. संगणकास ते भिन्न शब्द वाटतात. एका शाळेने पहिल्या प्रकारे व दुसऱ्या शाळेने दुसऱ्या प्रकारे टंकलेखन केले, तर नावांचा मेळ बसत नाही आणि एकाच मुलाच्या दोन नोंदी होतात. म्हणून तुलना करण्यापूर्वी दोन्ही बाजूंचा मजकूर एकाच रूपात आणणे हे कोडचे कर्तव्य ठरते. केवळ नावावरून ओळख न पटविता नोंदणी क्रमांकाचाही आधार घ्यावा, हे त्याहून उत्तम.

चौथी अडचण अंकांची. वरील संदेशातील अंक देवनागरी नाहीत हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आले असेल. ते हेतुपुरस्सर आहे. एक्सएमएल स्कीमात संख्या व दिनांक हे आंतरराष्ट्रीय अंकांतच लिहावे लागतात. दिनांकाचा क्रमही वर्ष, महिना, दिवस असा ठरीव आहे. ‘३/४/२०१६’ ही तारीख कोणी ३ एप्रिल वाचील, कोणी ४ मार्च. ठरीव क्रमात लिहिल्यास हा संशय राहत नाही. पडद्यावर दाखविताना ती पुन्हा देवनागरीत व रूढ क्रमाने दाखविण्यास प्रत्यवाय नाही.

६. लखोटा, शीर्ष व मजकूर

केवळ पत्र लिहून भागत नाही. ते लखोट्यात घालून, वर पत्ता व जावक क्रमांक लिहून पाठवावे लागते. वेब सेवांसाठी हा लखोटा कसा असावा याचे सोप नावाचे मानक आहे. त्याची १.१ ही आवृत्ती २००० साली प्रसिद्ध झाली व १.२ ही आवृत्ती जून २००३ मध्ये शिफारस म्हणून मान्य झाली. सोप संदेशात ‘एन्व्हलप’ म्हणजे लखोटा हा मूळ घटक असतो. त्यात ‘हेडर’ म्हणजे शीर्ष हा ऐच्छिक भाग व ‘बॉडी’ म्हणजे मजकूर हा आवश्यक भाग असतो. शीर्षात पाठविणाऱ्याची ओळख, संदेशाचा क्रमांक यांसारखी व्यवस्थेची माहिती असते. शीर्षातील एखादी सूचना समजल्याशिवाय संदेशावर कार्यवाही करूच नये, अशी खूणही तेथे करता येते. प्रत्यक्ष विषय मजकुरात असतो.

लखोट्याचे घटक व आतील विषयाचे घटक एकाच संदेशात येतात. दोहोंत समान नावाचा घटक असल्यास गोंधळ होईल. एकाच शाळेत एका नावाची दोन मुले असली की आडनावाने ओळखतात. एक्सएमएलमध्ये हे आडनावाचे काम नामक्षेत्र करते. नामक्षेत्रांची शिफारस जानेवारी १९९९ मध्ये झाली. प्रत्येक घटकाचे खरे नाव म्हणजे त्याचे नामक्षेत्र व त्याचे स्थानिक नाव मिळून होते.

वेब सेवा कोणकोणती कामे करते, तिला कोणता संदेश द्यावा व ती कोणता परत देते, याचे वर्णनही एक्सएमएलमध्येच लिहिण्याची सोय आहे. त्यास डब्ल्यूएसडीएल म्हणतात. हे वर्णन वाचून पुष्कळशी साधने बांधणीचे व वाचनाचे कोड आपोआप तयार करून देतात.

७. संदेशाचे वाचन

मराठीच्या तासाला वाक्यपृथक्करण शिकविताना वाक्याचे उद्देश्य व विधेय असे भाग पाडून त्यांचे परस्परसंबंध दाखवितात. मिळालेल्या संदेशाचे असेच पृथक्करण करणाऱ्या साधनास पार्सर म्हणतात. त्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत.

पहिल्या पद्धतीत पार्सर संपूर्ण संदेश वाचून त्याचा वृक्ष स्मरणात उभा करतो. मग कोणत्याही घटकाकडे हवे तेव्हा जाता येते. संपूर्ण रजिस्टर टेबलावर उघडून ठेवावे, तसे हे आहे. लहान संदेशांस ही रीत सोयीची. दुसऱ्या पद्धतीत पार्सर आरंभापासून एकेक घटक वाचीत जातो व ‘अमुक घटक सुरू झाला, अमुक संपला’ असे कळवितो. मागील मजकूर तो जपून ठेवीत नाही. लक्षावधी नोंदींचा संदेश असल्यास हीच रीत परवडते. पहिल्या पद्धतीस डॉम व दुसरीस सॅक्स अशी नावे रूढ आहेत.

वाचनात सर्वांत घातक चूक आवाज न करणारी असते. घटक नामक्षेत्रासह शोधावयास हवा असता कोडने नुसते ‘विद्यार्थी’ हे नाव शोधले, तर संदेशात शंभर विद्यार्थी असूनही एकही सापडत नाही. पार्सर दोष दाखवीत नाही, कारण संदेश निर्दोष आहे. कोड मात्र ‘विद्यार्थी शून्य’ असे समजून पुढे जाते. सबब अपेक्षित घटक न सापडल्यास त्याचा शून्य न धरता काम थांबवून दोष नोंदविणे, हा नियम करावा. तसेच ‘तिसरा उपघटक’ असा जागेवरून शोध न घेता नावावरून घ्यावा. आराखड्यात उद्या एक घटक वाढला तरी कोड अबाधित राहते.

८. पोच, दोष आणि पुनःप्रेषण

आवक-जावक नोंदवही ठेवणाऱ्यास पोचेचे महत्त्व विदित आहे. वेब सेवेस संदेश पाठविल्यावर तीन गोष्टी घडू शकतात.

एक, कार्य झाल्याचे उत्तर येते. ते स्थळप्रतीप्रमाणे संदेश क्रमांकासह जपून ठेवावे.

दोन, दोष कळविणारे उत्तर येते. सोपमध्ये यासाठी ‘फॉल्ट’ हा घटक आहे. दोष पाठविणाऱ्याकडचा की घेणाऱ्याकडचा, हे त्यातील संकेतावरून कळते. दोष पाठविणाऱ्याचा असेल तर तोच संदेश दहा वेळा पाठवून उपयोग नाही. ‘त्रुटीपूर्ततेसाठी परत’ असा शेरा आलेला कागद दुरुस्त न करता पुन्हा पाठविण्यासारखे ते होईल. दोष घेणाऱ्याचा असेल तर काही काळ थांबून तोच संदेश पुन्हा पाठवावा.

तीन, उत्तरच येत नाही. ग्रामीण भागात जेथे जोडणी मध्येच तुटते तेथे हा प्रसंग वारंवार येतो. अशा वेळी संदेश पोहोचलाच नाही, की पोहोचून कार्य झाले व केवळ पोच वाटेत हरवली, हे पाठविणाऱ्यास कळण्यास मार्ग नसतो. नवा संदेश पाठविल्यास एकाच मुलीच्या दोन नोंदी होण्याचा संभव. न पाठविल्यास एकही न होण्याचा संभव. यावरचा उपाय म्हणजे संदेश क्रमांक. पुनःप्रेषण नेहमी मूळ क्रमांकानेच करावे व घेणाऱ्याने तो क्रमांक आधी आलेला असल्यास नवे कार्य न करता पूर्वीचेच उत्तर परत द्यावे. शाळेतील संगणकासमोर बसून ‘जतन करा’ ही कळ पुन्हापुन्हा दाबणाऱ्या शिक्षकाची नोंद दुहेरी होते किंवा होत नाही, ते या एका नियमाच्या पालनावर ठरते.

९. सावधगिरी

एक्सएमएलमध्ये एखाद्या लांब मजकुरास लघुनाव देऊन ते वारंवार वापरण्याची सोय आहे. दुष्ट हेतूने तिचा गैरवापर होतो. एका लघुनावाच्या पोटी दुसरे दहा वेळा, त्याच्या पोटी तिसरे दहा वेळा, अशा नऊ पायऱ्या केल्या तर १० चा नववा घात, म्हणजे १०० कोटी शब्द होतात. अवघ्या काही ओळींचा संदेश उलगडताना संगणकाची सर्व स्मृती संपून सेवा बंद पडते. दुसऱ्या प्रकारात लघुनावाच्या जागी घेणाऱ्याच्याच संगणकावरील खासगी फाइल वाचण्यास सांगितले जाते. त्यामुळे परक्याकडून येणारे संदेश वाचताना पार्सरमधील लघुनावे उलगडण्याची व बाहेरील फाइली आणण्याची सोय बंद ठेवावी आणि संदेशाच्या आकारास मर्यादा घालावी. मुलांची माहिती पाठविताना मार्गही सांकेतिक व सुरक्षित असला पाहिजे, व कामापुरतीच माहिती पाठविली पाहिजे.

१०. आजचा वापर

अनेक नव्या वेब सेवा एक्सएमएलऐवजी जेसन ही अधिक आटोपशीर लेखनपद्धती वापरतात. तिच्यात टॅग मिटविण्याचा विस्तार नाही. मात्र नामक्षेत्रांची व्यवस्थाही नाही. वर सांगितलेले मेळ, पोच, क्रमांक व रिकाम्या रकान्याचे नियम तिलाही तसेच लागू पडतात. एक्सएमएल मात्र आजही ठिकठिकाणी कार्यरत आहे. रिझर्व्ह बँकेची ऑक्टोबर २०१३ मध्ये सुरू झालेली आरटीजीएस व्यवस्था आयएसओ २००२२ या मानकाचे संदेश वापरते. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयमध्येही बँकांदरम्यानचे संदेश एक्सएमएलमध्ये रचलेले असतात. इतकेच नव्हे, तर शिक्षक संगणकावर जे अहवाल टंकलिखित करतात त्या आजच्या प्रचलित डॉक्स व ओडीटी फाइलींच्या पोटातही एक्सएमएलच असते.

११. वर्गातील उपयोग

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये मध्यस्तरावर कोडिंगच्या कृतींचा समावेश सुचविला आहे. त्या दृष्टीने सहावी-सातवीच्या वर्गात पुढील कृती संगणकाविनाही घेता येतील.

(अ) प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या कुटुंबाचा वंशवृक्ष काढावा व तो टॅगांच्या रूपात लिहावा. शेजारच्याने त्यावरून पुन्हा वृक्ष काढावा. दोन्ही वृक्ष जुळले तर संदेश बरोबर.
(आ) फळ्यावर एक टॅग न मिटविलेला संदेश लिहावा व दोष शोधण्यास सांगावे.
(इ) दोन गट करून चिठ्ठ्यांनी संदेश पाठवावेत. मध्ये बसलेल्या मुलाने काही चिठ्ठ्या व काही पोचा मुद्दाम अडवाव्यात. क्रमांकाशिवाय व क्रमांकासह असे दोनदा खेळून शेवटी नोंदी मोजाव्यात. क्रमांकाचे महत्त्व व्याख्यानाविना पटते.

१२. उपसंहार

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमातील कलम ५ नुसार शाळा बदलणाऱ्या बालकास मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ द्यावयाचा असतो. आणि दाखला येण्यास विलंब झाला या कारणास्तव नव्या शाळेस प्रवेश लांबविता किंवा नाकारता येत नाही. संगणकीय संदेशासही हेच तत्त्व लावणे उचित होय. यंत्रणेने संदेश नाकारला, नाव जुळले नाही, पोच आली नाही, या गोष्टी यंत्रणेतील दोष आहेत. मुलीचा त्यात काही अपराध नाही. तिला वर्गात बसवून घ्यावे, तिचे नाव हजेरीपत्रकावर लिहावे, आणि मग दोषाचा संदेश क्रमांक, दिनांक व पडद्यावर आलेला मजकूर जसाच्या तसा टिपून केंद्रप्रमुखांमार्फत वरिष्ठांकडे पाठवावा. ‘संगणक चालत नाही’ एवढ्या मोघम तक्रारीपेक्षा अशी नेमकी टिपणी दोष दुरुस्त करणाऱ्यास कितीतरी अधिक उपयोगी पडते. संदेशाची रचना जाणणारा शिक्षक ती करू शकतो.